शनिवारच्या मॅचआधीचा काढा

"काकू, मॅचच्या त्या आठवड्यात तुम्ही मला काही गोळी वगैरे दिली होती का?" तनयनं विचारलं आणि मी "नाही रे" म्हणाले. मंगळवारची सकाळ होती, साडेनऊ वाजले असतील. मी सिंकपाशी उभी राहून दुधी सोलत होते आणि तो बेसमेंटच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर फोन हातात धरून उभा होता. माझा हात थांबला नाही. दुधीचं साल न तुटता लांबच लांब खाली आलं आणि सिंकमध्ये पडलं. मला आठवावं लागलं नाही, विचार करावा लागला नाही, कुणी नाव विचारावं आणि आपण सांगावं इतक्या सहज मी नाही म्हणाले. "सॉरी हं काकू, त्यांनी घरातल्या प्रत्येकाला विचारायला सांगितलंय म्हणून विचारलं," तो म्हणाला. सॉरी तो मला म्हणाला! मग तो खाली गेला आणि मी दुधीच्या फोडी केल्या, नेहमीपेक्षा जरा बारीकच.

तनय आमच्या बेसमेंटमध्ये राहतो. मूळचा जळगावचा, वय एकवीस. इथल्या कॉलेजात दोन वर्षांचा डिप्लोमा करतोय आणि कॉलेजच्या बेसबॉल टीममध्ये खेळतो. खेळत होता, असं म्हणायला हवं. जळगावकडची मुलं क्रिकेट सोडून सॉफ्टबॉल, बेसबॉल खेळतात हे मला इथे कॅनडात, मिसिसागात पन्नास वर्षं काढूनही माहीत नव्हतं. त्याचे वडील शाळेत क्रीडाशिक्षक आहेत, त्यांनीच त्याला तयार केलं. गेल्या आठवड्यात त्याला डोपिंगवाल्यांचं पत्र आलं की ऑक्टोबरातल्या सेमीफायनलनंतर घेतलेल्या लघवीच्या नमुन्यात स्टेरॉइड सापडलं आहे. तेव्हापासून त्याला टीमच्या प्रॅक्टिसलासुद्धा जायला मनाई आहे. शुक्रवारपर्यंत लेखी खुलासा द्यायचा. ते कुठून पोटात गेलं हे त्याला दाखवता आलं, आणि आपल्याला ठाऊक नव्हतं हे पटवता आलं, तर ताकीद देऊन सोडतील. नाही तर दोन वर्षं बंदी. त्याचा डिप्लोमाच दोन वर्षांचा. म्हणजे खेळ संपला आणि नावाला डाग लागला तो लागलाच. स्टेरॉइड म्हटलं की लोकांना दंड फुगवलेले पैलवान दिसतात. तनयचं मनगट माझ्या बांगडीत जाईल. पण हे कोण बघत बसतंय? हीटिंगच्या जाळीतून बेसमेंटमधलं सगळं आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतं. पत्र आलं त्या दिवशी त्यानं घरी फोन लावला तेव्हा मी पोळ्या करत होते. वडिलांनी त्याला एकच प्रश्न विचारला असावा, कारण तो एकदाच म्हणाला, "नाही पप्पा, आईशप्पथ." माझी तव्यावरची पोळी करपली आणि मी ती मुकाट्यानं स्वतःच्या ताटात वाढून घेतली, जणू तेवढ्यानं काही फिटणार होतं.

मी एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढली आहेत. लोकांच्या रक्ताच्या आणि लघवीच्या नळ्यांवर लेबलं लावली, मशीनमध्ये घातल्या, आकडे वाचले. रिझल्ट चुकीचा आहे म्हणून पेशंट फोनवर भांडायचे, तेव्हा मी नव्या मुलींना सांगायची की मशीनला कुणाशी वैर नसतं. दुसरा नमुना तपासला तरी तेच येणार, हे तनयला माहीत नव्हतं पण मला होतं. तो बिचारा अजून आशेवर होता की लॅबची काहीतरी गडबड झाली असेल. "काकू, तुम्ही लॅबमध्ये होतात ना, असं होतं का कधी, मिक्स-अप वगैरे?" त्यानं मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी म्हणाले, "होऊ शकतं." लॅबला दोष दिला म्हणून एकतीस वर्षांत मी ज्या मुलींवर ओरडले असेन त्या सगळ्या कुठे असतील तिथे हसल्या असतील.

या मुलानं आमच्या घरात काय आणलं हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही, आणि सांगायला लागले की मी स्वतःची वकिली करतेय असं वाटतं. नंदन आणि मी दोघंच. लेक अवंतिका व्हँकुव्हरला, तिची मुलं फोनवर "हाय आज्जी, बाय आज्जी" एवढंच म्हणतात. नंदनला निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, तो सकाळी पेपर वाचतो, दुपारी तोच पेपर पुन्हा वाचतो. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी तनयला मैदानावर सोडायला गेले ती मी संध्याकाळी परतले. आधी मला काही कळेना. सगळी मुलं सूर्यफुलाच्या बिया चघळून थुंकत होती आणि त्याचीच मला जास्त किळस आली. मग हळूहळू कळत गेलं. तनय शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला. चेंडू जमिनीवरून सरपटत येतो, हा खाली वाकतो, आणि उठायच्या आत चेंडू पहिल्या बेसकडे निघालेला असतो. तो बघतच नाही कुठे फेकायचं ते. पहिल्या पाच मॅच टीम हरली. मग जिंकायला लागली. दर शनिवार-रविवारी दोन-दोन मॅच, आज स्कारबरो तर उद्या आणखी कुठे, आणि मी घडीची खुर्ची, गुडघ्यावर शाल, थर्मास आणि डबाभर शंकरपाळे घेऊन हजर. ती दांडगी गोरी, काळी पोरं मला "ऑंटी" म्हणायला लागली आणि शंकरपाळ्यांना "डायमंड्स". कोच डग हा साठीतला माणूस, पोट सुटलेला. तो एकदा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "युवर बॉय हॅज सॉफ्ट हँड्स," म्हणजे चेंडू अलगद झेलणारे हात. माझा मुलगा नाही तो, असं मी त्याला सांगायला हवं होतं. मी थँक यू म्हणाले.

आणि मग मी ते इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. "आपला तनय सेमीफायनलला! कोच म्हणतात असे हात दहा वर्षांत पाहिले नाहीत." दहा वर्षांचं मी माझ्या पदरचं घातलं. उल्का आमच्या मंडळाची अध्यक्ष. तिचा नातू हॉकी खेळतो आणि गेली तीन वर्षं प्रत्येक हळदीकुंकवाला, प्रत्येक गणपतीला आम्ही त्या नातवाच्या स्केट्सविषयी ऐकत आलो आहोत. आता माझी पाळी होती. उल्कानंच मग पुढाकार घेतला, "आपण सगळ्यांनी जाऊ या चिअर करायला," आणि रोज आकडा वाढत गेला. बारा झाले, सतरा झाले. मिल्टनची दोन तरुण जोडपी ढोल घेऊन येणार होती. मी बटाटेवड्यांचं कबूल केलं. चार किलो बटाटे आणले. रात्रीचा डोळा लागेना इतका आनंद मला शेवटचा कधी झाला होता ते आठवत नाही. अवंतिकाच्या लग्नात नक्की नव्हता, तेव्हा काळजीच होती.

मॅचच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी तनय कॉलेजातून आला तो लालबुंद डोळ्यांनी. खोकला, अंगात ताप, घसा बसलेला. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर जॅकेट न काढता बसला आणि म्हणाला, "काकू, उद्या मला नाही वाटत जमेल. कोचला टेक्स्ट करतो. मार्क आहे ना बॅकअपला." मी त्याच्या कपाळाला हात लावला. चांगलाच गरम होता. मी म्हणाले, "थांब, लगेच नको करू टेक्स्ट. एक गोळी देते, सकाळपर्यंत टुणटुणीत होशील." तो म्हणाला, "नको नको काकू. आम्हाला वर्कशॉप झालंय. काहीही घ्यायचं तर आधी वेबसाइटवर चेक करायचं. इंडियातलं तर बिलकुल नाही. पॅरासिटामॉल घेतलीय मी." मला राग आला. खरंच आला. आपण मायेनं काही द्यावं आणि पोरानं वेबसाइट दाखवावी! मी म्हणाले, "बरं बाबा, काढा तरी चालेल ना तुझ्या वेबसाइटला?" तो हसला. काढा चालेल म्हणाला.

आमच्या सांगलीच्या डॉक्टरांच्या पुड्या मी दर जानेवारीत घेऊन येते. दवाखाना गल्लीच्या तोंडाशी आहे, माझ्या आईपासून सगळे त्यांचंच औषध घेत आलो. गोळ्यांवर नाव नाही, गाव नाही. जुन्या कॅलेंडरच्या कागदाच्या चौकोनी पुड्या, प्रत्येकीत एक पिवळी, एक अर्धी गुलाबी आणि दोन बारक्या पांढऱ्या. सकाळ-संध्याकाळ एक पुडी. सर्दी असो, खोकला असो, सांधे धरोत, एका दिवसात माणूस उठून बसतो. मसाल्याच्या कपाटात मेथीदाण्यांच्या डब्यामागे मी त्या ठेवते. लहान मुलांना औषध मधातून देतात, कुत्र्यामांजरांना भातातून. आमच्या घरात औषध असंच पोटात जायचं, कुणी कुणाला विचारायचं नाही. काढा उकळत होता, आलं, गवती चहा, मिरी, ज्येष्ठमध. मी एक पुडी पोळपाटावर उघडली, वर कागद दुमडला आणि लाटण्यानं दाबली. चुरचुर आवाज झाला. चमचा चाटून पाहिला तर जीभ कडूजहर झाली, म्हणून गुळाचा खडा जास्त टाकला. खाली नेऊन दिला. त्यानं दोन्ही हातांनी कप धरला, एकेक घोट करत सगळा प्यायला आणि म्हणाला, "आईपेक्षा तुमचा गोड असतो काकू." शनिवारी सकाळी सातला पुन्हा दिला, तसाच.

तो उठला तो ताजातवाना. त्यानं कोचला टेक्स्ट केलाच नाही. मॅचला आमचे तेवीस जण आले, रांगेनं खुर्च्या लागल्या, ढोल वाजायला लागला तेव्हा अंपायर स्वतः कुंपणापर्यंत चालत आला आणि म्हणाला, फोक्स, प्लीज. उल्कानंसुद्धा वडा खाता खाता मान्य केलं की हा गेम तसा इंटरेस्टिंग आहे. शेवटच्या डावात एका धावेनं पुढे असताना चेंडू तनयच्या डाव्या बाजूनं निसटत होता. त्यानं सगळं अंग झोकून दिलं, आडवा पडला आणि गुडघ्यांवर उठून फेकला. संपलं. आम्ही फायनलला. मला लोक मिठ्या मारत होते. मला! मग निळं जॅकेट घातलेला एक माणूस कागदाचं पॅड घेऊन तनयच्या मागे चालताना दिसला. "काय झालं?" कुणीतरी विचारलं. मी माहीतगारासारखी म्हणाले, "डोपिंग टेस्ट. रँडम असते. चांगल्या प्लेअर्सना करतातच." तनय दुरून आमच्याकडे बघून हात हलवत त्या माणसाबरोबर गेला, आणि मी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. खरं म्हणजे मला तिथेच कळायला हवं होतं. एकतीस वर्षं ज्या बाईनं नळ्या तपासल्या तिच्या हातातला वडा खाली पडायला हवा होता. मी तो खाल्ला, वर चटणी मागून घेतली. पुढच्या आठवड्यातली फायनल ते हरले. बसमध्ये सगळी मुलं रडली म्हणे, आणि तरी तनयसाठी तो सबंध सीझन आयुष्यातला सगळ्यात चांगला होता, असं त्यानंच मला सांगितलं.

बुधवारी दुपारी तो लॅपटॉप घेऊन वर आला. त्या आठवड्यात काय काय खाल्लं-प्यायलं त्याची यादी करायची होती, सगळी. "काढ्यात काय काय होतं काकू?" मी सांगत गेले आणि तो लिहीत गेला. आलं. गवती चहा, याला इंग्लिशमध्ये काय म्हणायचं ते त्यानं फोनवर शोधलं. मिरी. ज्येष्ठमध. गूळ. "बास?" "बास," मी म्हणाले. मग तो म्हणाला, "कधीकधी हर्ब्समध्ये भेसळ असते, कोच म्हणाले. ही पाकिटं मी टेस्टिंगला पाठवू का? थोडं थोडं द्याल?" मी कपाट उघडलं. तीन छोट्या पिशव्यांमध्ये ज्येष्ठमध, मिरी, सुकलेला गवती चहा घालून दिला, प्रत्येकीवर माझ्या त्या जुन्या सवयीच्या सुवाच्य अक्षरात लेबल लावलं, तारीख घातली. त्यात काही सापडणार नव्हतं. काही सापडलं नाही की ते म्हणणार, मुलगा थापा मारतोय, आजीबाईच्या बटव्यामागे लपतोय. मला हे सगळं त्या पिशव्यांची तोंडं बंद करतानाच स्वच्छ दिसत होतं आणि मी त्या बंद करत होते. मेथीदाण्यांच्या डब्यामागे आता काही नव्हतं. उरलेल्या तीन पुड्या मी मंगळवारीच, दुधीची भाजी गॅसवर टाकून, वॉशरूममध्ये जाऊन फ्लश केल्या होत्या. एकदा केलं तर पांढऱ्या गोळ्या खाली बसून राहिल्या. दुसऱ्यांदा करावं लागलं.

स्वतःला मी सांगत होते की मला कुठे ठाऊक होतं पुडीत काय आहे ते. तीन दिवस हे सांगितलं, भांडी घासताना, शॉवरखाली, नंदनला चहा देताना. पण तेही खोटं. सात वर्षांपूर्वी सांगलीहून परत आल्यावर माझी शुगर एकदम चढली होती, तेव्हा इथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, तुम्ही कुठलं स्टेरॉइड घेताय का? मी त्यांनाही नाही म्हणाले. गाडीत नंदन म्हणाला, "त्या पुड्यांत स्टेरॉइड आहे शीला, दुसरं काय असणार? एका दिवसात बरं वाटायला ते काय अमृत आहे?" मी म्हणाले, "असू दे, मला लागू पडतं ना." मी लॅबमधली बाई, मला काय कळत नव्हतं? कळत होतं, पण आपल्या डॉक्टरांवर संशय घ्यायचा म्हणजे आईवर घेतल्यासारखं वाटे, म्हणून बाजूला ठेवून दिलेलं होतं. नंदनला हे गाडीतलं बोलणं आठवत असणार. पत्र आल्यापासून तो तनयसमोर जेवायला बसत नाही. आधी जेवून घेतो, नाही तर मला आत्ता भूक नाही म्हणतो. एकदाही त्यानं मला विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, मी त्याच्यावर तरी चिडले असते.

गुरुवारी सकाळी उल्काचा फोन आला. बाहेर या वर्षीचा पहिला बर्फ पडत होता, जमिनीवर न टिकणारा. "ऐकलं ते खरं का गं?" तिनं विचारलं. मी म्हणाले, चौकशी चालू आहे. "शी बाई! दिसतो किती साधा. आपण सगळे तिथे ओरडत होतो आणि हा असलं काही टोचून आलेला! बरं झालं, दिवाळीच्या प्रोग्रॅममध्ये सत्कार ठेवला नाही. आपल्या मंडळाचंच नाक कापलं गेलं असतं." मी काय म्हणाले? मी म्हणाले, "हो ना. आजकालच्या मुलांचं काय सांगता येतं." हे मी म्हणाले. माझ्याच तोंडून, माझ्याच स्वयंपाकघरात, जाळीच्या वर उभी राहून. फोन ठेवला आणि खालून खोकल्याचा आवाज आला, अगदी जवळून. तो घरात होता. कॉलेजला गेला नव्हता. ऐकलं की नाही मला कळायला मार्ग नव्हता. माझ्या पायांना घाम फुटला, थंड फरशीवर ओले तळवे उमटले. मला वाटत होतं की मी खाली जाऊच शकणार नाही, आणि मग मी जिना उतरत होते, कठडा धरून, एकेक पायरी.

तो पलंगावर बसून मोजे घालत होता. भिंतीला बॅट टेकवलेली. मला बघून उठला, खुर्चीवरचे कपडे काढून म्हणाला, "बसा ना काकू." मी बसले नाही. मी म्हणाले, "तनय, गोळ्या मी दिल्या होत्या. काढ्यात. शुक्रवारी आणि शनिवारी. सांगलीची पुडी होती, कुटून घातली. तुला ताप होता, तुझी काळजी वाटली म्हणून दिली."

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी अपेक्षिलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. "काकू, नका ना असं करू," तो म्हणाला. "कोच म्हणाले होते मला. घरचे लोक शेवटी येऊन सांगतात की आम्हीच दिलं. आई सांगते, आजी सांगते. चौकशीच्या पॅनलला ते रोजचंच आहे, ते बिलीव्ह नाही करत. उलट अजून वाईट दिसतं. माझ्यासाठी तुम्ही खोटं नका बोलू." आणि तो वाकला. माझ्या पायांना हात लावायला वाकला.

तेव्हा क्षणभर मला सुटल्यासारखं झालं. सांगून झालं, आता त्यानंच मानलं नाही तर माझा काय इलाज. वर जाता आलं असतं. जन्मभर त्याच्या लेखी मी देवमाणूस राहिले असते, काकूंनी माझ्यासाठी आळ स्वतःवर घ्यायची तयारी दाखवली म्हणून त्यानं आईला सांगितलं असतं. मला तो मोह झाला. लपवत नाही, झाला.

मी पाय मागे घेतले. "पाया पडू नकोस," मी म्हणाले, जरा ओरडूनच. "काळजी वगैरे काही नव्हती रे. तू टेक्स्ट करतो म्हणालास तेव्हा माझा फोन वाजला होता, आठवतंय? उल्काचा मेसेज होता. तेवीस जण नक्की. मी त्यांना सांगून ठेवलं होतं. वड्यांचे बटाटे उकडून ठेवले होते. तू खेळला नसतास तर माझी फजिती झाली असती. उल्का हसली असती मला. तू नको म्हणालास, मी ऐकलं, आणि तरी घातलं. लोक येणार होते म्हणून."

खोलीत हीटर सुरू झाल्याचा आवाज आला. तनय अर्धवट वाकलेला होता तो सरळ झाला. एका पायात मोजा होता, एका पायात नव्हता.

"दोन्ही दिवस?" त्यानं विचारलं.

"दोन्ही."

"आणि मंगळवारी मी विचारलं तेव्हा?"

"तेव्हाही माहीत होतं. उरलेल्या पुड्या त्याच दिवशी टाकून दिल्या. पण सांगलीच्या डॉक्टरांकडून लिहून आणते मी, काय असतं त्यात ते. आत्ता फोन करते."

"पप्पांना मी आईची शप्पथ घेऊन सांगितलं," तो म्हणाला, माझ्याशी नाही, नुसतंच. मग त्यानं लॅपटॉप उघडला, टेबलावर माझ्यासमोर ठेवला आणि खुर्ची ओढून दिली. "लिहा. इंग्लिशमध्ये. तुमचं पूर्ण नाव, ॲड्रेस, फोन नंबर वर."

मी लिहिलं. माझं इंग्रजी चांगलं आहे. तीन वाक्यांत लिहिलं की मी या मुलाची घरमालकीण आहे, त्याला ताप होता, त्याच्या प्रकृतीच्या काळजीपोटी मी त्याला न सांगता अमुक अमुक दिलं. तो माझ्या खांद्यामागे उभा राहून वाचत होता. "हे नाही," तो म्हणाला. "हे ते नाही मानणार. सगळे हेच लिहितात. आत्ता मला सांगितलंत ते लिहा."

मी काळजी खोडली. मग लिहिलं की मी माझ्या ओळखीच्या तेवीस लोकांना मॅचला बोलावलं होतं, आणि तो खेळला नाही तर त्यांच्यासमोर माझी शोभा होईल याची मला भीती वाटली. तो औषधाला स्पष्ट नाही म्हणाला होता. मी लॅबमध्ये एकतीस वर्षं काम केलं आहे आणि त्या गोळ्यांत स्टेरॉइड असावं हे मला सात वर्षांपासून ठाऊक होतं. त्यानं विचारल्यावर मी खोटं बोलले आणि गोळ्या नष्ट केल्या. तो मागून एकेक गोष्ट सांगत नव्हता, मीच आठवून आठवून घालत होते. अक्षरं चुकत होती, मी पुन्हा दुरुस्त करत होते. उल्काचं नाव आणि फोन नंबरही घातला, त्यांना विचारायचं असेल तर विचारावं म्हणून.

त्यानं ते दोनदा वाचलं. प्रिंटर वर नंदनच्या खोलीत आहे, तिथून काढून आणलं, मला पेन दिलं आणि सही कुठे करायची ते बोटानं दाखवलं. मी सही केली. कागद त्यानं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला, फोल्डर बॅगेत घातला, दुसरा मोजा घातला, बूट चढवले. मी अजून खुर्चीतच होते. मला वाटत होतं तो ओरडेल. ओरडला असता तर मी रडले असते, आणि मग आम्ही दोघं कुठेतरी पोचलो असतो. दारातून बाहेर पडताना तो क्षणभर थांबला.

"थँक यू," तो म्हणाला, बसमधून उतरताना ड्रायव्हरला म्हणतात तसं, आणि गेला.